बोझ्नान्स्काची पांढरी शेवंती : रत्नागिरीत करून घेतलेली प्रिंट, फ्रेमसकट

प्रिंट उत्तम. फ्रेम त्याहून उत्तम. वेळ लागतो, पण तो सार्थकी लागतो. नुसता निकाल हवा असेल त्यांना एवढं पुरे. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण आपल्या दमट, खाऱ्या हवेत कागदावरचं चित्र भिंतीवर टिकवणं हे वेगळंच प्रकरण आहे आणि फ्रेमवाल्याकडे नेमकं काय मागायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आधी चित्र कुठलं ते. ओल्गा बोझ्नान्स्का या पोलिश चित्रकर्तीचं ‘शेवंतीची फुलं घेतलेली मुलगी’, १८९४ सालचं. तैलरंगातलं, पण कॅनव्हासवर नाही, पुठ्ठ्यावर. माप ८८.५ बाय ६९ सेंटीमीटर. मूळ चित्र क्राकूवच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एक लहान मुलगी समोर उभी आहे. करडा झगा, मागे करडी भिंत, मोकळे सोडलेले तांबूस-सोनेरी केस, आणि डोळे इतके काळेभोर की बुबुळ कुठे संपतं ते कळत नाही. ओठ मिटलेले. पोटाशी धरलेल्या हातांत पांढऱ्या शेवंतीची फुलं. बस, एवढंच. खेळणं नाही, खुर्ची नाही, खिडकी नाही.

मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. इंटरमीजिएट चित्रकला परीक्षेला बसणारी मुलं स्थिरचित्रात पांढरं फूल आलं की पोस्टर कलरची पांढरी बाटली उघडतात आणि सरळ फासतात. मग फूल वेगळं कापून चिकटवल्यासारखं दिसतं, फुलदाणीत बसतच नाही. पांढऱ्या फुलात निव्वळ पांढरं सगळ्यात कमी असतं, हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. बोझ्नान्स्काच्या शेवंतीत ते दिसतं. तिच्या पाकळ्यांचा रंग तांदळाच्या धुवणासारखा आहे: पांढरा म्हणावा तर नाही, करडा म्हणावा तर तोही नाही. एखाद्या फुलाच्या कडेला हिरवट छटा, एखाद्याच्या गाभ्यात पिवळसर, खाली झग्याकडे झुकलेली फुलं जवळजवळ झग्यातच मिसळलेली. मोबाइलवर हे दाखवून उपयोग होत नाही. स्क्रीन मागून उजेड फेकते आणि सगळी फुलं उजळून निघतात. रविवारी मुलं आमच्या ओटीवर शिकायला येतात, त्यांना समोर धरून दाखवता येईल अशी कागदावरची प्रत मला हवी होती.

ओल्गाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण प्रिंट चांगली की वाईट हे तिच्या कामाच्या पद्धतीवरूनच ठरतं. जन्म १८६५चा, क्राकूवचा. वडील पोलिश, रेल्वेत इंजिनियर, आई फ्रेंच. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता; रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता आणि क्राकूव ऑस्ट्रियाकडे होतं. चित्रकला शिकायला ती म्युनिकला गेली, पण तिथल्या अकादमीत मुलींना प्रवेश नव्हता. मग खासगी स्टुडिओंमधून शिकली, संग्रहालयात जाऊन जुन्या मास्टर लोकांच्या नकला केल्या, बेलास्केस हा स्पॅनिश चित्रकार डोळ्यांत भरून घेतला. शेवंतीवाली मुलगी ही म्युनिकच्याच काळातली. त्याच वर्षी, म्हणजे १८९४मध्ये, व्हिएन्नात तिला पाउल नाउएन या चित्रकाराच्या व्यक्तिचित्रासाठी सुवर्णपदक मिळालं. १८९८मध्ये ती पॅरिसला गेली आणि १९४०मध्ये तिथेच वारली. तिचं वय तेव्हा पंचाहत्तर. क्राकूवच्या अकादमीत शिकवायला बोलावणं आलं होतं, तिने ते घेतलं नाही. १९१२मध्ये फ्रान्सने तिला ‘लेजियों दॉनर’ हा आपला मोठा राष्ट्रीय सन्मान दिला. एवढी मोठी बाई, आणि आपल्याकडे कला शाखेच्या मुलांनाही तिचं नाव माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पुठ्ठ्यावर ती अस्तर न देता रंगवायची. कोरा पुठ्ठा रंगातलं तेल पिऊन घेतो. त्यामुळे तैलरंग असूनही चित्राला चकाकी राहत नाही. पृष्ठभाग कोरडा, खडूने काढल्यासारखा मंद होतो. रंगाचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि मधून पुठ्ठ्याचा तपकिरी रंग डोकावतो. चित्रातली ती शांतता या कोरडेपणातून येते. म्हणून या चित्राची चकचकीत प्रिंट म्हणजे चित्र हातचं घालवणं.

आणि बाजारात मिळते ती चकचकीतच! मी आधी एका ऑनलाइन कंपनीकडून मागवली होती. नाव देत नाही. कॅनव्हासवर छापलेली, वर वार्निशचा हात. फुलं पांढरीफटक, पाकळ्यांतला सगळा तपशील उडालेला. झगा निळसर. १६ बाय १२ इंचाच्या तयार मापात बसवण्यासाठी दोन्ही बाजू छाटलेल्या, त्यामुळे मुलगी कोंडल्यासारखी दिसत होती. मूळ चित्रात तिच्या दोन्ही अंगांना जी रिकामी भिंत आहे ना, तिच्यामुळेच ती एकटी वाटते. ती भिंतच कापली तर राहिलं काय? परत पाठवली. पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

मग राम आळीच्या मागच्या बाजूला असलेल्या फ्रेमवाल्या काकांकडे गेले. दुकानाला पाटी नाही. बाजारात ‘फ्रेमवाले’ म्हणून विचारलं की कुणीही हात दाखवतं. दुकानात गणपती, दत्त, स्वामी समर्थ, लग्नाचे फोटो, सेवानिवृत्तीची मानपत्रं, आणि हार घालायचे ते फोटो. पोलिश चित्र त्यांच्याकडे याआधी कधी आलेलं नसणार. मी लॅपटॉपवर चित्र उघडून दाखवलं. काकांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “बाई, ह्याच्यात पांढरं आहे कुठं?”

मला माझा माणूस सापडला.

प्रिंट काका स्वतः काढत नाहीत. पुण्याच्या एका लॅबकडून काढून घेतात आणि ती नळीत घालून एसटीच्या पार्सलने येते. फाइल आपण द्यायची. बोझ्नान्स्का १९४०मध्ये गेली आणि आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, तेव्हा या चित्राचा हक्काचा प्रश्न नाही. विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या संकेतस्थळावर ते मिळतं. पण फाइल मोठी असली पाहिजे. मी मूळच्या निम्म्या मापात काढायचं ठरवलं, म्हणजे साधारण ४४ बाय ३४.५ सेंटीमीटर. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर लांबीला ५२०० आणि रुंदीला ४१०० च्या आसपास पिक्सेल लागतात. त्याहून लहान फाइल ताणून मोठी केली तर ठिपक्यांचा चिखल होतो. आणखी एक सांगते. या चित्राच्या वेगवेगळ्या फाइली शेजारी शेजारी उघडून बघा. एकीत भिंत हिरवट दिसेल, दुसरीत गुलाबी, तिसरीत कुणीतरी उत्साहाने उजेड वाढवलेला. संग्रहालयाने स्वतः टिपलेली प्रतिमा मिळाली तर तीच घ्या, आणि तिला हात लावू नका.

इथे काकांनी जे केलं त्यासाठी हा सगळा प्रपंच लिहिते आहे. पूर्ण प्रिंट काढण्याआधी त्यांनी लॅबकडून नमुन्याच्या पट्ट्या मागवल्या. एक फुलांची, एक चेहऱ्याची, आणि दोन्ही दोन वेगळ्या कागदांवर. एक नेहमीचा मॅट फोटो पेपर, दुसरा हानेम्यूले या जर्मन कंपनीचा फोटो रॅग, ३०८ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०८ ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कापसाचा. मग शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला आणि पट्ट्या त्याखाली धरल्या. पहिला कागद निळाशार चमकला. दुसरा जवळजवळ तसाच राहिला. साध्या कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं भरपूर घातलेली असतात; कपड्यांच्या पावडरीत असतात त्याच जातीची. दिवसाच्या उजेडात ती कागदाला निळी झाक देतात आणि काही वर्षांत त्यांचा जोर गेला की कागद पिवळट दिसू लागतो.

या चित्रात याचं एवढं महत्त्व का, तर प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. प्रिंटमधलं पांढरं म्हणजे शाई न पडलेला कागद. तेव्हा तिथे कागदाचा रंग हाच फुलाचा रंग. निळसर पांढऱ्या कागदावर ओल्गाची शेवंती मेलीच म्हणून समजा. कापसाच्या कागदाचा पांढरा थोडा उबदार असतो, शिवाय फाइल नीट असेल तर अगदी उजळ पाकळीवरही शाईचा पुसटसा थर येतो. मी भिंग लावून पट्टी बघितली. सगळ्यात वरच्या फुलाच्या अगदी उजळ टोकावरही राखाडी आणि पिवळ्या शाईचे बारीक, विरळ कण होते. कोरा कागद कुठेच उघडा नव्हता. बाटलीतला पांढरा फासणाऱ्या माझ्या मुलांना आता मी तेच भिंग हातात देते.

पट्ट्या काकांनी दुकानातल्या ट्यूबखाली बघितल्या नाहीत. दाराशी उंबऱ्यावर उभं राहून, आभाळाच्या उजेडात बघितल्या. करड्या रंगाचं हे दुखणंच आहे: पिवळ्या बल्बखाली तो मातकट होतो, थंड एलईडीखाली निळा. एवढा करडा असलेलं चित्र ज्या उजेडात लावायचं त्या उजेडात बघूनच पास करावं. चेहऱ्याच्या पट्टीत मला डोळे किंचित तपकिरी वाटले. काकांनी वाद न घालता लॅबला कळवलं आणि दुसरी पट्टी आली, तिच्यात ते पुरते काळे होते. नमुन्याच्या पट्ट्यांचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

फ्रेम. इथे तर काकांनी मला शिकवलंच.

आपल्याकडे फ्रेम कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. चित्र फेव्हिकॉलने हार्डबोर्डवर चिकटवायचं, वर काच टेकवायची, मागे खिळे मारून खाकी कागद लावायचा. घाटावर हे बरंच चालून जातं. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने हवा ओली असते. हार्डबोर्ड पाणी ओढून फुगतो, कागद चिकटवलेला असल्यामुळे त्याला हलता येत नाही, मग लाटा येतात. काच कागदाला टेकलेली असेल तर आतला दमटपणा तिथेच अडकतो आणि बुरशीचे पिवळे-तपकिरी ठिपके धरतात. लोखंडी खिळे खाऱ्या वाऱ्याने गंजतात, गंज कागदात उतरतो. वरून कसर. तिला खळ आणि कागद दोन्ही आवडतात.

काकांनी प्रिंट कुठेच चिकटवली नाही. चारी कोपरे पारदर्शक खिशांत सरकवले, जुन्या अल्बममध्ये फोटो बसवायचो तसे. त्यामुळे कागद हवेप्रमाणे थोडा फुगू-आकसू शकतो. चित्राभोवती आम्लमुक्त बोर्डाचा चार बोटं रुंद माउंट, म्हणजे काच आणि चित्राच्या मधली पुठ्ठ्याची पट्टी, म्हणजे काच आपोआपच कागदापासून लांब राहते. माउंटच्या रंगावरून आमची थोडी चर्चा झाली. मी पांढरा म्हणत होते. त्यांनी पांढरा तुकडा पट्टीशेजारी ठेवला तेव्हा शेवंती एकदम मळकी दिसायला लागली. मग करड्यातलाच, भिंतीपेक्षा थोडा गडद असा तुकडा ठेवला, आणि फुलं उजळली. चित्रातलं सगळ्यात पांढरं काय असावं तर ती फुलंच असावीत, माउंट नव्हे. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, नुसते तुकडे बदलत गेले.

मागे हार्डबोर्डच्या जागी एसीपीचा पत्रा, दुकानांच्या पाट्यांना वापरतात तो. पाणी पीत नाही, वाकत नाही, वाळवी लागत नाही. प्रिंट आणि पत्र्याच्या मध्ये आणखी एक आम्लमुक्त बोर्ड. काच, माउंट, बोर्ड, पत्रा असा सगळा थर कडेने टेपने बंद करून मग चौकटीत बसवलेला. स्क्रू पितळी. चौकट जुन्या सागवानाची, पॉलिश न चढवलेली, फक्त मेण घासलेली. चकाकी तिथेही नको म्हणून. आणि मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुंड्या, म्हणजे फ्रेम भिंतीला टेकत नाही, मागून वारा खेळतो. आमचं घर चिऱ्याचं आहे. आषाढात आमच्या भिंती घामेजतात, तेव्हा या दोन गुंड्यांचं मोल कळतं.

काच मात्र साधीच, २ मिलिमीटरची. मला बिनचकाकीची हवी होती. काकांचं म्हणणं, दुकानात मिळणारी खरबरीत काच माउंटमुळे कागदापासून लांब गेली की चित्रावर धुकं आल्यासारखं दिसतं. आणि संग्रहालयात वापरतात तसली लेप दिलेली काच मागवायची तर ती चित्राच्या आणि फ्रेमच्या मिळून किमतीला भारी पडेल. त्यांचं बरोबर आहे, तरी दिवसा दार उघडं असलं की पडवीतला उजेड काचेत दिसतो. मी फ्रेम माजघरात आतल्या भिंतीवर, दाराच्या समोर न येईल अशी लावली आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोर कुठलीच प्रिंट लावू नका, शाई कितीही टिकाऊ असली तरी.

प्रिंट घरी आल्यापासून एक आख्खा पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी मी ती उतरवून मागून-पुढून तपासली. कागद सरळ. ठिपका नाही. स्क्रूंना थोडी हिरवट छटा आली आहे, पण पितळ ते, पुसलं की जातं. आमच्याच घरात त्याच भिंतीवर असलेल्या, जुन्या पद्धतीने फ्रेम केलेल्या आजोबांच्या मानपत्राला या पावसाळ्यात नव्याने दोन डाग पडले आहेत. तेही आता काकांकडे दिलं आहे.

चित्राबरोबर राहून काय वाटतं तेही सांगते, कारण शेवटी विकत घेतलंय ते चित्र. आपल्याकडे शेवंती म्हटली की मार्गशीर्षातले गुरुवार, देवाचे हार, घाटावरून येणाऱ्या करंड्या. आमच्या परसात तगर आहे, अनंत आहे, मोगरा आहे; शेवंती विकतचीच. पोलंडमध्ये हीच फुलं १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, माणसं आपल्या गेलेल्यांच्या थडग्यांवर नेऊन ठेवतात. हे कळल्यापासून मला त्या मुलीच्या चेहऱ्याकडे बघताना पोटात कालवतं. ओल्गाने त्या अर्थानेच फुलं दिली असतील असा माझा दावा नाही. युरोपात त्या काळी जपानी चित्रांचं वेड होतं, तिलाही होतं, आणि शेवंती त्या वाटेनेही आली असेल. पण मुलं या चित्रासमोर आली की आवाज खाली आणतात, हे मी बघते आहे. सहावीतली एक विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, हिला कुणी ओरडलंय का?” दुसरी म्हणाली, “नाही गं, तिला फुलं द्यायची आहेत आणि कुणी घेत नाहीये.” यावर मी काही बोलले नाही. दोघींना आपापलं चित्र काढायला सांगितलं.

तक्रारी. एक, वेळ. नमुना, दुरुस्ती, प्रिंट, फ्रेम मिळून महिन्याच्या वर जातो, आणि काका तारीख देत नाहीत. “झालं की फोन करतो” एवढंच. दोन, श्रावणापासून अनंत चतुर्दशीपर्यंत त्यांच्याकडे जाऊच नका. देवांच्या तसबिरींचं काम इतकं असतं की तुमचं चित्र कपाटावर पडून राहील. तीन, घरपोच देत नाहीत. मी शेजाऱ्यांच्या रिक्षेतून मांडीवर धरून आणली. चार, मोठ्या मापाला ते तयार होत नाहीत. मूळ मापात करायची माझी इच्छा होती, पण एवढी काच दमट दिवसांत जुन्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर पेलायची नाही म्हणाले. हे मला पटलं नाही. दोन खिळे मारता येतात. पुढच्या वेळी पुन्हा विचारणार आहे.

पैसे: प्रिंटचे २२०० आणि फ्रेमचे ३४०० रुपये. ऑनलाइनवाल्यांपेक्षा महाग आहे, आणि मला यात एक रुपयाही जास्त वाटला नाही. दुकान दुपारी एक ते चार बंद. फाइल पेन ड्राइव्हवर न्या; व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं चित्र काका घेत नाहीत, ते दाबून लहान होतं. भिंतीचा फोटो आणि ज्या खोलीत लावणार तिथला बल्ब पिवळा की पांढरा, एवढं आधीच सांगा. ते विचारतातच.